पक्षी ओळखता येतात, पण रात्री दोनला रडणारं पोर सांभाळता येईल का?

गेल्या अंकात उन्हाळी शिबिरांवर दोन पानं लिहिली आणि पालकांच्या मेल येतील असं वाटलं होतं. झालं उलटंच, शिबिरात काम करायचंय अशा लोकांच्याच मेल जास्त आल्या. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत, म्हंजे निवासी निसर्ग शिबिरं, आउटडोअर एज्युकेशन, पर्यावरण शिक्षण, जे काही म्हणाल ते. काही प्रश्न लांबलचक होते, ते कापून छोटे केलेत.

प्रश्न : ताई, मी कराडचा, वय २३, बीएस्सी बॉटनी झालंय. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, झाडं आणि पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, रॅपलिंगही (दोराने कडा उतरणं) थोडंफार केलंय. मुलांच्या निवासी निसर्ग कॅम्पवर पूर्णवेळ काम करायचंय. घरचे म्हणतात पोरंच सांभाळायची तर एवढं शिकवलं कशाला. सुरुवात कुठून करू?

घरच्यांनी टोमणा मारला असेल, पण निम्मं बरोबर बोललेत बघ. हे काम आधी पोरं सांभाळण्याचं आहे आणि मग निसर्गाचं. तुझ्या मेलमध्ये झाडं आहेत, पक्षी आहेत, दोर आहे, कडे आहेत, फक्त मुलं कुठेच नाहीत. वर्षानुवर्षं शिबिरांसाठी माणसं निवडतेय, दहातले आठ अर्ज असेच असतात. एकदिवसीय ट्रिपला पाच वाजता बस सुटली की तू मोकळा. निवासी कॅम्पवर पाच वाजता खरी ड्युटी सुरू होते.

पहिली रात्र कशी असते ते सांगते. पाचवीतलं पोर, आईशिवाय पहिल्यांदाच झोपतंय. दिवसभर माकडासारखं उड्या मारत होतं, दिवे गेले की पोटात दुखायला लागतं. बहुतेक वेळा पोटात काही नसतं, घरची आठवण असते. पण ते तुला धरून चालता येत नाही कारण एखाद्याचं खरंच दुखत असतं. मग तू त्याला तंबूबाहेर आणतोस, दुसरा एखादा मोठा माणूस दिसेल अशा जागी बसवतोस, कुठे दुखतंय बोट लावून दाखव म्हणतोस, ताप बघतोस, जेवला किती, संडासला कधी गेला, पाणी किती प्यायला सगळं विचारतोस, आणि हे चालू असताना तंबूतली बाकीची अकरा पोरं जागी होणार नाहीत हेही बघतोस. फोन लगेच हातात द्यायचा नाही. रात्री अकराला आईचा आवाज ऐकला की पोर आणखी रडतं आणि तिकडे आई रात्रभर जागी राहते. आजारपण असेल तर मात्र घरी कळवायचंच, अगदी मध्यरात्रीसुद्धा. नुसती आठवण असेल तर उद्या सकाळी पक्षी बघायला जाताना दुर्बीण तू धरायची हं, असं काहीतरी काम त्याच्या गळ्यात घालायचं. झोपतं मग. आणि पहाटे कुणाचं अंथरूण ओलं झालेलं दिसलं तर बाकीचे उठायच्या आत चादर बदलून टाकायची, एक शब्द न बोलता. हे कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत आणि हे जमत नसेल तर तुझी बॉटनी काही कामाची नाही.

जमत असेल तर मात्र बॉटनी लय कामाची आहे. मुलांना माहिती सांगणं आणि मुलांना बघायला लावणं यात फार फरक असतो आणि नवीन माणूस हमखास माहिती सांगत सुटतो. विहिरीजवळ बाभळीवर सुगरणीची घरटी लटकलेली असतात ना, तिथे उभं राहून ‘हे घरटं नर बांधतो’ वगैरे पाच मिनिटांचं भाषण दिलं की मागची पोरं एकमेकांना खडे मारायला लागतात. त्याऐवजी पावसाळ्यानंतर खाली पडलेलं एखादं रिकामं घरटं उचलून मुलांच्या हातात द्यायचं. मग त्यांना गवताची एक लांब पात द्यायची आणि सांगायचं, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताची फक्त दोन बोटं, ही तुझी चोच, आता या फांदीला गाठ मारून दाखव. दहा मिनिटं कुणाचा आवाज येत नाही. कुणालाच जमत नाही, एखाद्या पोरीला जमतं, मग ती सगळ्यांना शिकवते. त्यानंतर वर बघितलं की अर्धवट सोडलेली घरटी त्यांची त्यांनाच दिसतात आणि ‘हे अर्धंच का बांधलंय’ हा प्रश्न त्यांच्याकडून येतो. तेव्हा सांगायचं की नर अर्धं बांधून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं काम होतं नाहीतर ते तसंच राहतं. घरट्याच्या आत मातीचे गोळे लिंपलेले सापडले तर ते का, हेही विचारतात. वाऱ्यात घरटं फार हेलकावे खाऊ नये म्हणून असेल, असं एक मत आहे, ते तसंच सांगायचं, छातीठोकपणे नाही.

आता सुरुवात. कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, केलं असशील तर अर्जात ते सगळ्यात वर लिही. दत्तक गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर, मुक्काम शाळेच्या खोल्यांत, स्वयंपाकाच्या पाळ्या, पाण्याच्या टँकरची वाट बघणं, रात्री पोरांना झोपवणं, हे सगळं याच कामातलं आहे आणि लोकांना तो अनुभव वाटतच नाही. केलं नसेल तर एखाद्या शिबिराच्या सीझनला स्वयंसेवक म्हणून जा. आपल्याकडे काम दिवाळीच्या सुट्टीपासून सुरू होतं, मग शाळांच्या सहली फेब्रुवारीपर्यंत, मग एप्रिल-मे. युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या ट्रेकिंग कॅम्पना कॅम्प लीडर म्हणून स्वयंसेवक लागतात, तिथे शेकडो लोकांचं येणं-जाणं, जेवण, आजारपण सांभाळायला मिळतं. पैसे नाहीत, शिकणं भरपूर.

दुसरं म्हणजे प्रथमोपचार, आणि यात कंजुसी नको. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा साधा कोर्स लगेच करून टाक. पुढे जमेल तेव्हा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, हॉस्पिटल लांब असलेल्या ठिकाणी काय करायचं ते त्यात शिकवतात. मसुरीला लँढोरमध्ये वुडस्टॉक स्कूलचं हॅनिफल सेंटर आहे तिथे असे कोर्स होतात. महाग आहे, पण अर्जावर ते दिसलं की माझ्यासारखी माणसं पुढचं वाचतात.

पगाराचं खरं सांगते. सुरुवातीला हातात कमी येतं, राहणं-जेवण पगारातच धरलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात दोन महिने कामच नसतं. घरी हे आधीच सांगून टाक, नंतर कळलं की जास्त आरडाओरडा होतो. चार-पाच सीझन टिकलास की रस्ते फुटतात. कुणी कॅम्प मॅनेजर होतं, कुणी शाळांसाठी कार्यक्रम बसवून देतं, कुणी फ्रीलान्सवर हिमालयात ग्रुप घेऊन जातं, कुणाला एखाद्या मोठ्या शाळेत आउटडोअर प्रोग्रॅमची नोकरी मिळते. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, त्यामुळे शाळाही आता असल्या लोकांना शोधायला लागल्यात. त्यातल्या किती शाळा ते दहा दिवस मॉलमध्ये नेऊन संपवतील हा वेगळा विषय.

मुलाखतीला गेलास की तूही प्रश्न विचार, लाजू नकोस. किती मुलांमागे एक मोठा माणूस, रात्री कोण जागं असतं, आठवड्यातून सुट्टी किती, आमचा विमा आहे का, रात्री गाडी आणि ड्रायव्हर कॅम्पवरच असतो की गावातून बोलवावा लागतो, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं. शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे साप निघत नाहीत’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघ तिथून. सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. साप चावल्यावर तुझं काम एवढंच की ब्लेड, दोरी, मंत्र कुणालाही करू द्यायचं नाही, पोराला हलू द्यायचं नाही, चावलेला भाग स्थिर ठेवायचा आणि १०८ किंवा जी मिळेल त्या गाडीने थेट हॉस्पिटल. आणि ज्यांच्या जाहिरातीत धरणात मनसोक्त डुंबायला मिळेल असं लिहिलेलं असतं तिथे माझ्या ओळखीच्या कुणालाही मी जाऊ देत नाही, सापापेक्षा मला पाण्याची भीती जास्त वाटते.

प्रश्न : पुण्यात राहतो, ग्रॅज्युएशनचं शेवटचं वर्ष. पुढे पर्यावरणात एमएस्सी करू की आधी माउंटेनिअरिंगचा बेसिक कोर्स? दोन्हीला पैसे नाहीत, एकच निवडायचंय.

तुला डोंगरावर उभं राहून शिकवायचंय की डोंगराबद्दल शिकवायचंय, त्यावर आहे.

बेसिक कोर्स साधारण महिन्याभराचा असतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, मनालीची १९६१ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची, शिवाय पहलगामला आहे. सरकारी संस्था असल्याने फी खासगीच्या मानाने आवाक्यात असते, पण जागा फार आधी भरतात, आत्ता ठरवलंस आणि पुढच्या महिन्यात गेलास असं होत नाही. आणि नुसतं पास होऊन भागत नाही. ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्सला घेतात, तिथे परत ए ग्रेड आली की मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, ज्याला सगळे एमओआय म्हणतात, आणि शिकवायचा खरा कोर्स तो. त्यामुळे जायचं तर तयारी करून जा, पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढायचा सराव असू दे. पुण्यातच गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूटही गिर्यारोहण शिकवते, घर न सोडता अंदाज घ्यायचा असेल तर तिथे जाऊन चौकशी कर.

पर्यावरण शिक्षणाच्या बाजूने पुण्यातच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, १९९३ पासूनची. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन मूळ अहमदाबादचं, १९८४ चं, त्यांचंही काम पुण्यात आहे. मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, तर १८८३ पासून आहे, गोरेगावला फिल्मसिटीजवळ राष्ट्रीय उद्यानाला लागून त्यांचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे आणि नोकरी सांभाळून करता येण्यासारखे पक्षी-वनस्पतींचे छोटे कोर्सही ते घेतात.

माझं विचारशील तर निवासी कॅम्पवर लवकर काम सुरू करायचं असेल तर आधी बेसिक. एमएस्सी नंतरही करता येतं आणि दोन सीझन मुलांबरोबर काढून मग एमएस्सीला गेलेली माणसं वर्गात वेगळीच असतात. उलट नुसती डिग्री घेऊन आलेल्यांना मुलांसमोर उभं करावं तर ती पॉवरपॉइंट उघडतात. पर्यावरण हा विषय आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने सक्तीचा केला, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, १९९१ साली, आणि पुढे तो पदवीच्या सगळ्या शाखांना आला. त्याचं आपण काय केलं ते तुला माहितीच असेल, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ईव्हीएसचा प्रोजेक्ट आणि त्यावर आपलं नाव. कागदावर पर्यावरण शिकलेले लोक लाखोंनी आहेत रे. ओढ्यात उतरून चिखलात हात घालायला दहा वर्षांच्या पोराला तयार करणारे फार थोडे आहेत.

प्रश्न : मी लातूरची, २५ वर्षांची. एका कॅम्पवर इन्स्ट्रक्टर म्हणून बोलावणं आलंय, डोंगरात, घरापासून लांब, राहायचं तिथेच. आई-बाबांचं म्हणणं मुलीने असलं काम करू नये, बीएड कर आणि शाळेत लाग. त्यांना कसं समजावू? आणि खरंच सुरक्षित असतं का?

आधी तुझा दुसरा प्रश्न, कारण तो महत्त्वाचा. ‘सुरक्षित असतं का’ याला एक उत्तर नाही, कॅम्प कुणाचा आणि चालवतंय कोण यावर आहे. जायच्या आधी तिथल्या सध्याच्या किंवा आधीच्या एखाद्या स्त्री इन्स्ट्रक्टरशी फोनवर बोल, मालकाने दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधून. तिला विचार की स्टाफमधल्या बायकांची राहायची खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, बाथरूमला रात्री लाइट असतो का, पाळीच्या दिवसांत ट्रेकला जाणार नाही म्हटलं तर तोंड वाकडं करतात का. शेवटचा मुद्दा लहान वाटेल पण त्यावरून त्या जागेची पूर्ण जातकुळी कळते. जिथे स्टोअर रूममध्ये सॅनिटरी पॅड्सचा साठा आणि ते टाकायची नीट सोय असते तिथे बाकीचंही बहुधा नीट असतं. कॅम्पवर एखाद्या मुलीला पहिल्यांदाच पाळी येते, बऱ्याचदा येते, तेव्हा ती तुझ्याकडेच येणार आहे.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीत कोण आहे, एवढं मेलवर विचार. उत्तर यायला आठवडा लागला तर समजून जा.

आणि एक, तुझ्या बाजूने. मुलांबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, माहीत असायला हवा. एखाद्या मुलाने किंवा मुलीने तुला काही सांगितलं, घरातलं असो, शाळेतलं असो, कॅम्पमधलं असो, आणि तुला गुन्हा झाल्याची शंका आली तर पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मॅनेजर म्हणाला ‘आपण आपलं बघू, शाळेचं नाव खराब होईल’, तरी. मुलांची हेल्पलाइन १०९८. मुलाला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधी द्यायचं नाही, ‘तुला मदत करतील अशाच लोकांना सांगेन’ असं म्हणायचं. रात्री तंबूत कुठल्याही मुलाबरोबर एकटं बसायचं नाही, हा नियम बायकांनाही लागू आहे.

आता आई-बाबा. त्यांना बचेंद्री पाल यांची गोष्ट सांग. एमए, बीएड झालेल्या, घरचे म्हणत होते शिक्षिका हो, तुझ्या घरचे म्हणतात तेच. त्या उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला गेल्या आणि १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या. पण आई-बाबांना एव्हरेस्टचं सांगू नकोस, ते घाबरतील. पुढचं सांग, की त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा स्टीलची साहस संस्था सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं बाईंनी ती सांभाळली, हजारो लोकांना डोंगरावर नेलं, आणि ती चांगली पगारी नोकरी होती! बीएड कधीही वाया जात नाही, हेही सांग. तीन-चार वर्षांनी कॅम्प सोडावासा वाटला तर बीएड आणि कॅम्पचा अनुभव दोन्ही असलेला माणूस शाळांना हवाच असतो. घरच्यांना एकदा कॅम्पवर घेऊन जा, एक रात्र राहू दे त्यांना, जेवण बघू दे. आपल्याकडे जेवण बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : मी अकोले तालुक्यातला, गाव कळसूबाईच्या जवळ. बारावी झालोय. आमच्याकडे कॅम्प लागतात तेव्हा मी तंबू लावतो, ओझी नेतो, पोरांना शिखरावर नेऊन आणतो. शहरातून येणारे इन्स्ट्रक्टर मलाच वाट विचारतात, झाडांची नावं विचारतात आणि मग तेच पोरांना सांगतात. माझं नाव रजिस्टरमध्ये हेल्पर. मला इंग्लिश येत नाही. मला शिकवायचं काम मिळेल का?

दादा, यावेळच्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

शिकवायचं काम तुम्ही आत्ताही करताय, फक्त त्याचे पैसे आणि नाव दुसऱ्याला जातंय. याला मी तरी चोरी म्हणते. कुठली रानभाजी पहिल्या पावसात येते आणि कुठली उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, काजवे कुठल्या झाडांवर जास्त लागतात, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे आणि तिथून जाताना पोरांना अत्तर-बित्तर का लावू द्यायचं नाही आणि खाली शेकोटी का करायची नाही, कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तर मागच्या वेळी गावात कुणाच्या मधाला किती भाव मिळाला, हे शहरातून आलेला पोरगा पुस्तकात वाचून सांगतो आणि तुम्ही बघितलेलं सांगता. मुलांना फरक कळतो हो.

दार्जिलिंगच्या संस्थेत १९५४ साली प्रत्यक्ष शिकवण्याचं प्रमुखपद कुणाला दिलं होतं माहितीये? तेनझिंग नोर्गेंना, एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी एक. शाळेचं शिक्षण जवळपास नाही, आयुष्य ओझी वाहण्यात गेलेलं. डोंगर माहीत होता म्हणून दिलं. त्या सगळ्या हिमालयातल्या संस्थांमध्ये आजही शिकवणारे बरेचसे तिथल्याच खेड्यांतले आहेत.

करायचं काय तर आधी प्रथमोपचाराचा कोर्स करा, कारण नियम दाखवून तुम्हाला मागे ठेवायचं कारण कुणाकडे उरू नये. मग वर सांगितलेला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. त्याला डिग्री मागत नाहीत, वय आणि मेडिकल फिटनेस बघतात, आणि ओझी नेणाऱ्या माणसाला दमसासाची काय चिंता, शहरातली पोरं पहिल्या आठवड्यात गळतात. तिथे हिंदी चालते. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं ठेवावी लागतात. म्हणजे कोर्स केलेला स्थानिक माणूस त्यांना स्वस्तात सोडून देणं परवडणार नाही. त्यांना तुमची गरज आहे हे डोक्यात ठेवून पैशांचं बोला.

इंग्लिशचं म्हणाल तर येणाऱ्या शाळांतली निम्मी मुलं घरी मराठी बोलतात आणि उरलेल्यांना हिंदी येते. तुम्ही तुमच्या बोलीत सांगा. अडलंच तर शब्द मुलंच पुरवतात आणि त्यांना ते आवडतं. पुढच्या सीझनला कॅम्पवाल्यांना एवढंच म्हणा की एक सेशन मी घेतो, तासाभराचं, माझ्या नावाने, कार्यक्रमपत्रिकेत छापून. रानभाज्यांचं घ्या नाहीतर वाटा कशा ओळखायच्या त्याचं. नाही म्हणाले तर शेजारच्या कॅम्पला विचारा, तुमच्या भागात कॅम्पवाल्यांची काही कमी नाही. आणि रजिस्टरमध्ये हेल्परच्या जागी इन्स्ट्रक्टर लिहून घ्या, विम्याच्या कागदावरसुद्धा, कारण काही झालं तर तोच कागद बघतात.

प्रश्न : डोंबिवलीहून. अमेरिकेतल्या समर कॅम्पमध्ये काम मिळतं असं ऐकलंय, एजंट पैसे मागतोय. खरं असतं का?

असतं, पण नीट समजून घे. त्यासाठी जे-१ व्हिसामध्ये कॅम्प काउन्सेलर नावाचा प्रकार आहे. वय १८ पूर्ण हवं, जास्तीत जास्त चार महिने राहता येतं, आणि तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या स्पॉन्सर संस्थेतूनच जावं लागतं, त्यांची यादी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या साइटवर असते. तुझ्या एजंटची संस्था त्यात नसेल तर एक रुपया देऊ नकोस. काम मुलांबरोबरचंच असलं पाहिजे, या व्हिसावर स्वयंपाकी किंवा ऑफिसचा कारकून म्हणून ठेवता येत नाही. हे उन्हाळ्यापुरतंच आहे, करिअर नव्हे, पण एक उन्हाळा तिकडे काढून आलेली मुलं कामाला वाघ असतात. वेळापत्रक कसं बसवतात, बारा पोरांच्या केबिनमध्ये राहून त्यांना शिस्त कशी लावतात ते बघण्यासारखं आहे. तिकडे शाळेच्या वर्षातली निवासी केंद्रं वेगळी असतात. ओरेगॉन राज्यात तर पाचवी-सहावीच्या मुलांना आठवडाभर ‘आउटडोअर स्कूल’ला पाठवायचा खर्च लॉटरीच्या पैशातून करायचा असं लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून ठरवलं. आपल्याकडे लॉटरीचं काय होतं ते विचारू नका.

प्रश्न : चिपळूणला शाळेत शिकवते, वय ३८, दोन मुलं. नोकरी सोडून या क्षेत्रात यावंसं वाटतंय. उशीर झालाय का?

उशीर नाही, पण नोकरी सोडू नका. तुमच्याच शाळेत आधी दोन रात्रींचं एक शिबिर काढून बघा, चाळीसच मुलं, शाळेच्याच आवारात किंवा जवळच्या देवराईजवळच्या शाळेत मुक्काम. मुख्याध्यापक नाही म्हणतील, तर पालक सभेत विषय काढा. वर्गात पस्तीस मिनिटांनी घंटा होते, इथे होत नाही, ते तुम्हाला झेपतंय की नाही आणि आवडतंय की नाही ते दोन रात्रींत कळेल. तुमची मुलं लहान असतील तर पूर्णवेळ निवासी काम सध्या अवघड आहे, वर्षातले चार-पाच महिने घराबाहेर काढावे लागतात, याला काही पर्याय नाही. पण दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शिबिरांना अनुभवी शिक्षक हवेच असतात आणि पहिल्या रात्री रडणाऱ्या पोरांना तुमच्यासारखी बाई लागते. येत्या मे महिन्यासाठी आत्ताच दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवा, मार्चनंतर सगळ्यांची माणसं ठरलेली असतात.